कुठली मावशी?

मला आजही कुठल्या मॉलमध्ये नाहीतर दवाखान्यात नेलं, की मी आधी जिना शोधते. सून म्हणते, "आई, बसा हो जरा." बसते मी, पण डोळे काही बसत नाहीत. तिला सगळं सांगत बसत नाही. इथे सांगते.

नगर रोडला काचेच्या इमारती उठायला लागल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. आमचे हे खडकीच्या कारखान्यातून रिटायर झाले आणि दिवसभर घरात बसून मला सूचना द्यायला लागले. मग मीच बाहेर पडले, एका कॉम्प्युटरवाल्या कंपनीत हाऊसकीपिंगला. शिक्षण चौथी. पुढचं सगळं दुकानांच्या पाट्या वाचून. सात मजले, आम्ही कॉन्ट्रॅक्टरच्या अकरा बायका, अकराही जणींना निळा कोट आणि अकराही जणींचं नाव एकच: मावशी. "मावशी, कॉफी सांडलीये." "मावशी, टिश्यू संपलेत." पोरं गोड होती, मला त्यात कधी काही वाटलं नाही.

एक नियम मात्र कडक होता. पांढऱ्या दगडाचा मोठा जिना आमच्यासाठी नाही. ओली पावलं उमटतात आणि पाहुणे येतात, असं मॅनेजरचं म्हणणं. आम्ही ट्रॉली घेऊन मागच्या सामानाच्या लिफ्टने जायचं. नव्या बाईला पहिल्या दिवशी हे मीच शिकवायचे.

तशी एक आली, अकोल्याकडची. नवऱ्याबरोबर कामासाठी पुण्यात आलेली, अंगाने बारीक, बोलायला मोकळी. मी तिला वऱ्हाडीण म्हणायचे. डबा आम्ही एकत्र खायचो. तिला मी बजावलं होतं, "काही झालं तरी त्या जिन्यावर पाय ठेवायचा नाही. लिफ्टपाशी उभं राहायचं." ती म्हणाली, "बरं ताई."

दोन-तीन महिने झाले असतील. दुपारी मी तिसऱ्या मजल्यावर काचा पुसत होते आणि घंटा वाजायला लागली. आधी वाटलं, चहाच्या मशीनचं काही बिघडलं. मग वरून धूर उतरताना दिसला. पोरं उठली, लॅपटॉप काखोटीला मारून जिन्याकडे निघाली. एका मुलीने माझा हात धरला आणि ओढतच पांढऱ्या जिन्यावरून मला खाली आणलं. मी मनात म्हणतेय, आज ओरडा बसणार.

पार्किंगमध्ये, जमायची जागा दाखवणाऱ्या हिरव्या पाटीखाली सगळे मजल्यामजल्याने उभे राहिले. पोरं हसत होती. कोण म्हणे, "कॉलमधून सुटलो यार." केशरी जाकीट घातलेला एकजण हातात यादी घेऊन नावं पुकारत होता. पाचव्या मजल्याची नावं संपली तसं त्याने विचारलं, "आणि मावशी? मावशी आल्या का?"

"आल्या ना, ह्या काय," एका पोराने माझ्याकडे बोट दाखवलं.

त्याने टिक केली. "पाचवा मजला, सगळे खाली."

पाचवा मजला वऱ्हाडिणीचा. मी पुढे झाले. "अहो, मी तिसऱ्याची. पाचव्याची वर आहे."

"मावशी, घाबरू नका. ड्रिल आहे."

मला कुठे माहीत ड्रिल म्हणजे काय. आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. मी म्हटलं, "ड्रिल असो नाहीतर फिल, धूर मी डोळ्यांनी पाहिलाय. बाई वर आहे."

"धूर मुद्दाम केलाय. डब्यातला आहे."

"मग डब्यातल्या धुराने ठसका लागत नाही का?"

तो जागचा हलला नाही. घंटा वाजतच होती. मी निळे कोट मोजले. दहा. पुन्हा मोजले. दहाच. दाराशी वॉचमन आडवा आला, "आत जायची ऑर्डर नाही." मी म्हटलं, "मग तुम्ही जा." त्यालाही ऑर्डर नव्हती. मी नुसती येरझाऱ्या घालत राहिले, चार पावलं इकडे, चार तिकडे. तेवढ्यात मघाची ती मुलगी कुणाला न विचारता आत पळाली.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. मुलगी तिला घेऊन आली. वऱ्हाडीण पदराने तोंड पुसत होती, डोळे लाल झालेले.

"अगं, कुठे होतीस?"

"लिफ्टपाशी. तुमीच तं सांगतलं व्हतं. बटण दाबून दाबून बोट दुखलं माझं. लिफ्ट येईचना."

घंटा वाजली की लिफ्ट बंद पडतात, हे मला तेव्हा कळलं. धूर खरा असता तर माझं ऐकूनच ती तिथे उभी राहिली असती. हा विचार अजून मला रात्री-बेरात्रीच नाही, भर दिवसा भाजी चिरतानाही गाठतो.

दुसऱ्या दिवशी मी सेफ्टीच्या साहेबांच्या केबिनमध्ये शिरले. म्हटलं, "यादीत आमची नावं नाहीत."

"तुम्ही कॉन्ट्रॅक्टरच्या. तो विषय त्यांचा."

"साहेब, आग काय कॉन्ट्रॅक्टरला विचारून लागते?"

माणूस वाईट नव्हता. यादी पुढे ओढून त्याने पेनाचं टोपण काढलं. "बरं. पाचव्या मजल्यावरच्या मावशींचं नाव काय?"

वऱ्हाडीण, अगं, ए बाई, एवढंच होतं माझ्याकडे. तीन महिने तिच्या डब्यातली भाकरी मी खाल्ली होती.

"आलेच," म्हणाले आणि निघाले. मुद्दाम पांढऱ्या जिन्याने गेले. पाचव्या मजल्यावर ती बेसिन घासत होती.

"तुझं नाव काय गं? पूर्ण सांग."

तिने हात थांबवला. "काहून? पोलिसात द्याचं हाय काय?"

"नाही गं. पुकारायचंय."

तिने हात धुतले, कोटाला पुसले आणि नाव सांगितलं, नवऱ्याचं, मग आडनाव. मी कागदावर लिहून घेतलं. तिने वाकून पाहिलं आणि म्हणाली, "वेलांटी चुकली, ताई." मी ती दुरुस्त केली, आणि उरलेल्या नऊ जणींना विचारायला निघाले.