काकांनी पारखलेला ट्रॅक्टर

दुसरं महायुद्ध संपून चारपाच वर्षं झाली होती. टिटवाळ्याच्या वाडीतलं गवत काढायला जुना छोटा ट्रॅक्टर घ्यायचा म्हणून काका मला घेऊन विठ्ठलवाडीच्या भंगारवाल्याकडे गेले. जन्मभर बैल पारखलेला माणूस!

पहिला ट्रॅक्टर सुरू करताना पुढच्या हँडलने भंगारवाल्याच्या मनगटावर उलटा फटका दिला, मग इंजिन धडाडलं.

"मारका आहे," काका म्हणाले.

दुसऱ्याचं हँडल कितीही फिरवा, गप्प.

"हा गरीब दिसतोय."

"काका, तो बंद पडलाय!"

"तुला काय कळतंय?"

तो गरीब आमच्याच बैलांनी ओढत घरी आणला. गवतही शेवटी त्यांनीच चरून साफ केलं. काका मात्र मरेपर्यंत विचारायचे, "कधी कुणाला लाथ मारली का त्याने?"