दहाव्याला दिलेला शब्द

डोंबिवली पूर्वेच्या एका जुन्या इमारतीत, तळमजल्याच्या एका खोलीत शेवंती पाष्टे साड्यांना फॉल-पिको करून देते. खिडकीला लागून मशीन, पलीकडे वडिलांची खाट होती. दगडू पाष्टे आंबिवलीच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि वर्षभरात त्यांची उजवी बाजू लुळी पडली. पुढची नऊ वर्षं शेवंतीने त्यांना भरवलं, पुसलं, कुशीवर वळवलं. तिला स्थळं सांगणारे तोवर थकून गप्प बसले होते. धाकटा भाऊ संदेश ठाण्यात कोपरीला राहायचा. एक रविवार आड यायचा, येताना सफरचंदं आणायचा. वडिलांना सफरचंद चावत नसे, हे नऊ वर्षांत त्याच्या लक्षात आलं नाही.

दगडूंच्या मात्र सगळं लक्षात होतं. खोली शेवंतीला मिळावी असं मृत्युपत्र त्यांनी करून ठेवलं. सही डाव्या हाताने केली, चालायला शिकणाऱ्या मुलाच्या पावलांसारखी वाकडी. साक्षीला कारखान्यातलेच दोन सोबती होते. त्यांतला एक पुढे वारला. उरले खडवलीचे बाबुराव.

दहाव्याला खाडीकाठच्या घाटावर पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. समोरच्या झाडावर पाच-सहा बसले होते, पण एकही खाली उतरत नव्हता. ऊन चढलं. संदेश हात जोडून म्हणाला, "बाबा, ताईला मी कधी अंतर देणार नाही." कावळे जागचे हलले नाहीत. मग कोणी दिवे लावण्याचं कबूल केलं, कोणी देवीला जाऊन येण्याचं. माणसं घड्याळं बघू लागली. तेव्हा शकूआत्या शेवंतीच्या कानाशी लागली. दगडूचा जीव मुलात अडकला असणार, खोलीचं काहीतरी बोल, असं तिचं म्हणणं. शेवंतीच्या पोटात सकाळपासून चहासुद्धा नव्हता. बाबा तिकडे उपाशी आहेत, एवढंच तिला दिसत होतं. नऊ वर्षं ते घास तोंडात धरून बसले की ती काहीही कबूल करायची, तशीच ती बोलली, "बाबा, खोली संदेशला देईन. आता जेवा."

कावळा उतरला. सगळ्यांनी चपला शोधल्या.

चार महिन्यांनी इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं. नव्या घराचा करार कोणाशी करायचा, असा प्रश्न आला. सोसायटीच्या सेक्रेटरींनी शेवंतीला सांगितलं की भावाचं संमतिपत्र आणा, नाहीतर मृत्युपत्रावर कोर्टाचं प्रोबेट, म्हणजे ते खरं असल्याचा निकाल, आणा. दोन्हींतलं एक हवंच.

संदेश संमती द्यायला तयार नव्हता. आवाजही न चढवता तो म्हणाला, "ताई, मी तोंड उघडून मागितलं होतं का? तूच बोललीस, सगळ्यांदेखत."

शेवंतीने कल्याणच्या कोर्टात अर्ज केला. वर्तमानपत्रात नोटीस छापून आली आणि संदेशने हरकत घेतली. घाटावरचं कोर्टात चालणार नाही हे त्याच्या वकिलाला माहीत होतं, म्हणून हरकतीत लिहिलं की ही सही वडिलांची नव्हेच. ज्या डाव्या हाताला ती रोज तेल लावायची, तो हात दगडूंचा नव्हता असं तिच्या भावाने शपथेवर सांगितलं होतं. शेवंतीची वकील प्रियांका वयाने लहान, पण नीट समजावून सांगणारी. ती म्हणाली, साक्षीदार हयात आहे तोवर काळजी नाही. फक्त त्यांना घेऊन या.

शेवंती खडवलीला गेली. बाबुरावांनी तिला बसवलं, सुनेला पोहे करायला सांगितलं. शेवंतीने येण्याचं कारण सांगितलं.

"मी येणार नाही, शेवंते," ते म्हणाले. "घाटावर मी होतो. दगडूने मागून घेतलं, तू दिलंस. आता मी त्याच्याविरुद्ध उभा राहू?"

"काका, सही करताना कागद तुम्ही धरला होता. तेव्हा ते बोलत होते, शुद्धीत होते."

"मेलेल्या माणसाचं शेवटचं मागणं मोठं."

"मग संदेश मला अंतर देणार नाही म्हणाला, तेव्हा कावळा का नाही उतरला? ते कोणालाच कसं आठवत नाही?"

पोहे आले. शेवंतीने दोन घास खाल्ले आणि ती निघाली.

प्रियांका म्हणाली, समन्स काढता येईल, पण तुम्ही हो म्हणायला हवं. बाबुराव ऐंशीचे. लहानपणी ते शेवंतीला खांद्यावर बसवून कारखान्याच्या पूजेला न्यायचे. आपण खरंच शब्द मोडतोय का, हेही तिला नीट सांगता येईना. दोन दिवस तिने मशीन उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी फोन करून म्हणाली, "काढा."

बाबुराव कोर्टात आले. सही दगडूची, माझ्यासमोर केली, असं खणखणीत सांगितलं. पुढे घाटावरचं सांगू लागले, तर न्यायाधीश म्हणाले, "विचारलं तेवढंच सांगा, बाबा." ते थांबले. बाहेर शेवंती रिक्षा थांबवून उभी होती. तिच्याकडे न बघता ते म्हणाले, "खरं तेच सांगितलं. पण तू मला ओढून आणलंस. आता माझ्या दाराशी येऊ नकोस." आणि काठी टेकत स्टेशनकडे चालू लागले.

निकाल शेवंतीच्या बाजूने लागला. शकूआत्याच्या नातीच्या लग्नाची पत्रिका तिला आली नाही. भाऊबीजेला ती ताट करून बसली, संध्याकाळी तिने ते उचलून ठेवलं.

मग ती कागद घेऊन सोसायटीच्या ऑफिसात गेली. सेक्रेटरींनी रजिस्टरमध्ये तिचं नाव चढवलं आणि एक छापील फॉर्म पुढे सरकवला. तुमच्या मागे खोली कोणाला, त्याचं नाव. शेवंतीने पेन घेतलं. रकाना रुंद होता, तीन नावं मावतील एवढा. तिला एकही सुचेना.

"कोणाचं तरी लिहा, ताई," सेक्रेटरी म्हणाले, "नाहीतर पुन्हा हेच सगळं."

तिने पेनाचं टोपण लावलं आणि फॉर्म घरी न्यायला मागून घेतला.