घेऊनये

मी आजवर लिहिलेल्या चित्रपट परीक्षणांपैकी एकाचीच दुरुस्ती छापावी लागली. आणि खरं सांगते, ती दुरुस्ती लिहिताना मला जेवढा आनंद झाला तेवढा एकही परीक्षण लिहिताना झालेला नाही.

चित्रपट एका जाडजूड कादंबरीवरचा होता. देवस्थानाच्या तळघरात तीनशे वर्षं दडवलेला एक कागद, तो बाहेर येऊ नये म्हणून लोकांच्या जिवावर उठलेला एक गुप्त पंथ आणि त्या कागदामागं धावणारी एक इतिहास संशोधक बाई. कागदात म्हणे असं काही होतं की ते वाचलं तर हजारोंच्या श्रद्धेचा पायाच हलेल. आमच्या बारामतीत ती कादंबरी हातोहात फिरली होती. वाचनालयातून मला मिळालेल्या प्रतीचं मागचा पुठ्ठाच गायब होता, तरी मी दोन दिवसांत तिचा फडशा पाडून ती परत केली. त्यामुळं चित्रपट येणार म्हटल्यावर मी हवेतच होते.

शहरातल्या समीक्षकांनी मात्र त्याला पहिल्याच दिवशी धुऊन काढलं. कुणाला तो लांबलेला वाटला, कुणाला नायिका पळतानासुद्धा व्याख्यान देते याचा राग आला, आणि कादंबरीतली मजा गेली हे तर सगळ्यांनीच लिहिलं. वाहिन्यांवर भावना दुखावल्या की नाही यावर भांडणं लागली. पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं, ती म्हणजे तो मोडी लिपीतला कागद. किती अस्सल, किती गूढ, अंगावर काटा आला वगैरे. त्यांतल्या एकाला जरी मोडी येत असती तरी पुढचं काही घडलं नसतं.

मी इंदापूरच्या एका हायस्कुलात मराठी शिकवते आणि बारामतीच्या एका साप्ताहिकात नाव न घालता चित्रपटांवर लिहिते, अर्थात ते कोण लिहितं हे सगळ्यांना ठाऊक आहे. आमचे संपादक म्हणतात, तुम्ही परीक्षण लिहीत नाही, चित्रपटाचा कान धरता. धरते. दोन तास बसवून ठेवलंय तर धरणारच.

मोडी माझ्या अब्बांना येते. तालुक्याच्या कचेरीबाहेर टेबल मांडून त्यांनी उभी हयात लोकांना अर्ज लिहून दिले आणि जुने मोडी कागद वाचून दिले. मोडीची गंमत अशी, की लिहिणारा लेखणी फारशी उचलत नाही आणि दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाही. सगळी ओळ एका दमात. शब्द कुठं तोडायचा हे वाचणाऱ्यानं ठरवायचं. अब्बांच्या हाताला ती सवय इतकी लागली आहे की ते मोबाइलवरही तसंच लिहितात. शाळेत असताना मला मेसेज येतो, ‘कोथिंबीरविसरूनको’, आणि स्टाफरूममधल्या बाया हसून बेजार होतात.

मोतीबिंदू काढल्यापासून मात्र अब्बांचं वाचन मंदावलं होतं. मध्यंतरी गावोगावच्या जुन्या नोंदी शोधायची धांदल उडाली तेव्हा त्यांनाही बोलावणं आलं, पण बारीक अक्षराशी ते अडखळायला लागले आणि हळूहळू बोलावणी थांबली. तरी पितळी दांड्याचं भिंग सदऱ्याच्या खिशात असायचंच. बाजारात जाताना असायचं, दर्ग्यात जातानाही असायचं. त्या भिंगावर मी कधी काही बोलले नाही.

रविवारच्या दुपारच्या खेळाला मी त्यांना ओढूनच नेलं. मध्यंतराच्या जरा आधी तळघर उघडलं, ढोल थांबले आणि तो कागद पडदाभर पसरला. मी शेजारी बघितलं तर अब्बा खुर्चीच्या टोकावर. एवढं मोठं मोडी अक्षर त्यांनी जन्मात बघितलं नव्हतं. एकेक अक्षर बैलाएवढं, आणि भिंगाची गरज नाही. पडद्यावर नायिका कापऱ्या आवाजात वाचत होती की हे सत्य प्रकटेल त्या दिवशी गाभारे रिकामे होतील. थिएटरात पिन पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. त्या शांततेत अब्बा मोठ्यानं म्हणाले, “अवं बाई, म्हस व्याली म्हणून लिवलंय तितं.”

मागच्या चार रांगा फुटल्या. पुढच्या रांगा चिडल्या. अब्बांना हसू आवरेना, मला लाज आवरेना, आणि मध्यंतर होताच मी त्यांना हाताला धरून बाहेर काढलं. घरी येईपर्यंत ते सांगत होते. कुणीतरी रद्दीतलं जुनं पत्र आणून तिथं लावलंय. वरती ‘आशीर्वाद उपरी विशेष’, खाली म्हैस व्याल्याची खबर आणि त्याखाली एक ओळ, बहिणीस घरी घेऊ नये.

त्या शेवटच्या वाक्यानं माझं डोकं पेटलं. म्हणजे पडद्यावर धर्म बुडवणारं रहस्य म्हणून ज्याला ओवाळताय, त्यात एक भाऊ बहिणीला दार लावतोय. मी एका बैठकीत परीक्षण लिहून काढलं. खरं रहस्य तळघरात नाही, माजघरात आहे, आणि ते वाचायला या चित्रपटात कुणाला सवड नाही, असं ठोकून दिलं. चित्रपटाचा उत्तरार्ध मी बघितलेला नाही हे मात्र लिहिलं नाही. कादंबरी वाचलेली, शेवट माहीत होता, बघायचं काय राहिलं, अशी मनाची समजूत घातली. हे माझं पाप.

बुधवारी अंक निघाला आणि दुपारपर्यंत ते पान सगळ्या गटांवर फिरलं. संपादकांचे तीन फोन आले. वर्गात पोरं माझ्याकडं बघून कुजबुजत होती. मी इतकी फुगले होते की इंदापूरहून परतताना एसटीत उभं राहूनसुद्धा पाय दुखले नाहीत.

गुरुवारी संध्याकाळी वडगाव निंबाळकरचे तात्या आले. अब्बांचे जुने मित्र. ऊस करतात, दारात चार म्हशी आहेत आणि ती कादंबरी त्यांनी दोनदा वाचली होती. आले ते अंकाची घडी हातात घेऊनच, आणि चहा यायच्या आधी बोलले.

“भाई, मला मोडी येत न्हाय. पर म्हशीचं कळतं. म्हस व्याली की चीक निघतो, खरवस हुतो. तवा लेकीबाळींना सांगावा धाडत्यात, या म्हणून. ज्याच्या दारात म्हस व्याली, त्यो त्याच कागदात भनीला घरात घिऊ नगं म्हणंल व्हय?”

अब्बा म्हणाले, “अक्षर बैलाएवढं हुतं, तात्या. मी काय आंधळा हाय?”

“तसं मी म्हणलो न्हाय.”

“सगळ्या गावानं तसंच म्हणायचं ठरवलंय. ऐक, पुन्ना बघतो. चुकलो आसंन तर हितनं पुढं कागद हातात धरायचा न्हाय.”

ते हे ओरडून म्हणाले असते तर बरं झालं असतं. ते सावकाश म्हणाले. छापलं मी होतं आणि डाव लावला होता त्यांनी.

शुक्रवारी संपादकांचा फोन. दोनचार वाचकांनी हाच मुद्दा काढलाय, सोमवारपर्यंत खात्री करा, नाहीतर दुरुस्ती द्या. चित्रपट थिएटरात मोबाइल काढून टिपावा तर पकडले जाऊ. कागद पडद्यावर राहणार जेमतेम दहा सेकंद, तोही सरकत. तेव्हा उपाय एकच, पुन्हापुन्हा जाऊन बघायचं. मी, अब्बा आणि तात्या. शनिवारी माझी शाळा सकाळची होती. दुपारच्या खेळाला आम्ही तिघं पहिल्या रांगेत माना वर करून बसलो, आणि कागद आला तशी अब्बांनी माझ्या मनगटावर बोटं आवळली. वरच्या दोन ओळी पाठ होत्या, आता तिसरीच्या खालची बघायची. ती वर सरकायला लागली आणि नेमका आमच्याच रांगेतला एकजण पॉपकॉर्न आणायला उठून पुढून गेला. त्याचं डोकं अख्खी ओळ खाऊन गेलं. तात्यांनी त्याला जे ऐकवलं ते इथं लिहिता येणार नाही.

मध्यंतर झालं तशी आम्ही घरची वाट धरली. दारात व्यवस्थापकांनी अडवलं. त्यांचा चेहरा पडला होता.

“बाई, तुमी दर खेपेला मधूनच उठून जाताय. लोक म्हणत्यात, छापणारी बाई इंटरव्हलपुढं बसू शकत न्हाय, एवढं वाईट हाय आतलं. माझं बुकिंग बसलं की वो.”

झालं होतं असं. माझ्या परीक्षणापेक्षा माझ्या उठून जाण्याचीच समीक्षा गावभर पसरली होती. मी काहीतरी पुटपुटले आणि सटकले.

रविवारी शेवटचा प्रयत्न. या वेळी मधल्या रांगा, पुढं कुणी उठणार नाही अशा जागा व्यवस्थापकांनी स्वतः काढून दिल्या, एका अटीवर, की शेवटपर्यंत बसायचं. कागद आला. माझे डोळे पडद्यावर नव्हतेच, अब्बांच्या ओठांवर होते. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. मग ते मागं टेकले.

मध्यंतराला दिवे लागले तेव्हा त्यांनी सांगितलं. खालची ओळ स्पष्ट आहे. ‘तिजवाचून चीक तोंडी लागत नाही.’ म्हणजे तिच्याशिवाय भावाला खरवस गोड लागत नाही. म्हणजे वरची ओळ ‘घेऊ नये’ नव्हे, ‘घेऊन ये’. बहिणीस घरी घेऊन ये. अक्षर एकही चुकलं नव्हतं. तोडायची जागा चुकली होती.

मी आनंदानं तात्यांचा हातच धरला. भावानं दार लावलं नव्हतं, कधीकाळी कुणीतरी बहिणीला बोलावून घेतलं होतं, आणि हे जगात आम्हा तिघांनाच माहीत होतं. पण अब्बांनी खिशातून भिंग काढलं आणि माझ्या हातावर ठेवलं.

“ठेव तुझ्याकडं. डोळा गेला त्याचं काय न्हाय. पन्नास वर्स शबुद तोडतोय आन त्योच चुकला.”

“भाई, खुळं हाय का काय तुमी,” तात्या म्हणाले. अब्बांना घरी जायचं होतं, पण व्यवस्थापक दारात हात जोडून उभे होते. आम्ही परत आत जाऊन बसलो. भिंग माझ्या पर्समध्ये होतं, आणि मला त्याचं वजन मांडीवर लागत होतं.

तर असा मी तो उत्तरार्ध पहिल्यांदा बघितला. कबूल करते, चांगला होता. नायिका बोलायची थांबते आणि चित्रपट पळायला लागतो, आणि मी माझ्या परीक्षणातलं वाक्यन् वाक्य मनात खोडत होते. शेवटी तो पंथ कागदाला आग लावतो. ज्वाळा वरून खाली येत जातात आणि कागदाचा खालचा भाग, जो मध्यंतराआधी दिसतच नाही, तो पडद्यावर उरतो. एक ओळ. जळायच्या आधी चांगली थांबलेली.

अब्बा उठून उभेच राहिले. या वेळी मागून कुणी ओरडलं नाही, का ते ठाऊक नाही. त्यांनी एकेक शब्द सुटा करून, कचेरीबाहेर वाचायचे तसा वाचला.

“हे पत्र, जो, वाचून दाखवील, त्यास, गूळपाणी, देणे.”

मग ती ओळ जळाली. मला पुढचं काही दिसलं नाही, कारण मी रडत होते. ज्यांच्या घरी ते पत्र गेलं त्यांना वाचता येत नसणार. गावातला कुणीतरी वाचणारा बोलावला असणार. लिहिणाऱ्याला ते माहीत होतं, आणि त्यानं त्या वाचणाऱ्याची आठवण ठेवली होती.

बाहेर आल्यावर तात्या समोरच्या किराणा दुकानात गेले. गुळाचा खडा आणि पाण्याची बाटली घेऊन आले आणि थिएटरच्या पायरीवर अब्बांसमोर दोन्ही धरलं.

“तोड कुठं बी पडंना. वाचून दाखवलंसा का न्हाय?”

अब्बांनी गूळ घेतला. पाणी प्याले. तोंड पुसलं, रिक्षात बसले. भिंग मागितलं नाही. मीही दिलं नाही, कारण मागितल्याशिवाय दिलं असतं तर ती दया झाली असती.

दुसऱ्या दिवशी इंदापूरला मधल्या सुट्टीत मी दुरुस्ती लिहायला बसले. सगळं लिहिलं. मागच्या अंकात एका मोकळ्या जागेची चूक झाली. भावानं बहिणीला बोलावलं आहे. परीक्षण लिहिणारीनं तेव्हा चित्रपट अर्धाच बघितला होता, आणि उरलेला अर्धा अधिक चांगला आहे. तो कागद मोठ्यानं वाचणाऱ्याला त्याचं गूळपाणी पोचलं आहे. शेवटचं वाक्य लिहिताना पर्समधला मोबाइल भिंगावर वाजला.

अब्बांचा मेसेज होता. कऱ्हाटीहून कुणी जुना कागद घेऊन आलंय, ओट्यावर बसलंय, असं काही त्यात नव्हतं, ते मला घरी गेल्यावर कळलं. मेसेज एवढाच होता.

‘भिंगघेऊनये’

मी तो पहिल्याच वाचनात बरोबर तोडला.