माझे शेअर आणि शेजारणीचं शेत

आयर्लंडमधल्या ट्रलीला आल्यावर काही वर्षांनी मी घराच्या पुढच्या खोलीत शिवणकाम सुरू केलं. नवरा इथल्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ आहे. त्याच्या नोकरीमुळे आम्ही पुणं सोडलं आणि मी आले ती डॉक्टरांची बायको म्हणून. पुण्यात मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवत होते. इथे शिकवायचं तर पुन्हा बऱ्याच कागदपत्रांतून जायला हवं होतं, मुलगी लहान होती, म्हणून ते मागे पडत गेलं. शिवण मात्र हातात होती. उन्हाळ्याआधी चर्चमधल्या फर्स्ट कम्युनियनचे पांढरे फ्रॉक, नंतर शाळा संपवणाऱ्या मुलींचे डेब्जचे, म्हणजे निरोपाच्या नाचाचे, लांब गाऊन, आणि वर्षभर पँट्स आखूड करणं. बायका यायच्या, चहा व्हायचा, आणि अर्ध्या गावाची माहिती मला टाके घालताघालता मिळायची.

मग उजवं मनगट दुखायला लागलं. सकाळी उठल्यावर बोटं बधिर असायची, कात्री नीट धरता यायची नाही. नवऱ्याने पट्टा आणून दिला, पुढे एक छोटं ऑपरेशनही झालं. काम बंद करा असं सर्जन म्हणाले नाहीत, पण कमी करा म्हणाले. घरी येताना गाडीत मी मनाशी हिशेब मांडत होते. हे काम माझं होतं, यातून येणारे पैसे माझे होते, आणि हाताला न विचारता थोडंफार उत्पन्न येत राहील असं काहीतरी हवं, हा विचार तिथे पहिल्यांदा आला.

त्याच हिवाळ्यात एक गाऊन पोचवायला डोंगरापलीकडे गेले होते. वारा इतका की गाडी रस्त्यावरून सरकत होती, आणि टेकडीवरच्या पवनचक्क्या मात्र स्तब्ध. मला वाटलं, बिघडल्या. परत आल्यावर शेजारच्या बाईंना विचारलं.

या बाई म्हणजे आमच्या वसाहतीच्या शेवटच्या कुंपणापलीकडच्या शेताच्या मालकीण. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा ऑस्ट्रेलियात. आधी दुभत्या गाई होत्या, गुडघे गेल्यावर त्या विकल्या आणि आता चार गोऱ्हे तेवढे ठेवलेले. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू', पण माझ्या मनात त्या कायम 'तुम्ही'च राहिल्या. त्या म्हणाल्या की चक्क्यांना काही झालेलं नाही, त्यांना थांबायला सांगितलंय. वारा जास्त झाला की एवढी वीज तारांना पेलत नाही, आणि तेव्हा तेवढी कोणाला नकोही असते.

माझ्यातली शिक्षिका जागी झाली. नको असलेली वीज साठवून ठेवली तर? त्यावर वाचताना मला कळलं की हे काम कंटेनरएवढ्या बॅटऱ्यांच्या रांगा करतात. वीज स्वस्त असेल तेव्हा भरून घ्यायची, संध्याकाळी घरोघरी चुली-दिवे लागून ती महाग झाली की सोडायची. शिवाय वीजपुरवठा डळमळला तर क्षणात मदतीला धावायची तयारी ठेवल्याबद्दलही त्यांना पैसे मिळतात. अशा बॅटरीतळांची मालकी असलेले फंड लंडनच्या शेअरबाजारात होते, आणि त्यांचा डिव्हिडंड बँकेच्या व्याजापेक्षा कितीतरी चांगला होता.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला की त्याने स्वतः पैसे मुदत ठेवीत टाकले असते. मग म्हणाला, "पण पैसे तुझे आहेत. तू ठरव." मी ठरवलं आणि शिवणातून साठलेल्या पैशांतला बराचसा भाग एका फंडात घातला.

पहिला डिव्हिडंड आला तेव्हा मी मुलीला घेऊन जवळच्या फेनिट बंदराच्या धक्क्यावर गेले. इथे डिव्हिडंडवर पगारासारखाच कर लागतो, त्यामुळे उरलं ते दोघींच्या मासे-चिप्सला पुरून थोडं वर. मुलीने विचारलं, हे कोणी दिलं? मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र केरीच्या, म्हणजे आमच्या या काउंटीच्या, इंग्रजीत येतं. मी म्हटलं, बॅटरीनं. "दॅट्स मॅड, आई," ती म्हणाली आणि माझ्यातल्या चिप्स खायला लागली. समोर बोटी हलत होत्या. मला खूप हलकं वाटत होतं.

असं आणखी काही वेळा झालं. मग एक दिवस फंडाने कळवलं की डिव्हिडंड तूर्त थांबवत आहोत.

कारणं दिलेली होती. बॅटरीतळ भराभर वाढले होते, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला येणारा पैसा घटला होता. वीजजाळं सांभाळणाऱ्या नियंत्रण कक्षातून बॅटऱ्यांना अपेक्षेइतकं बोलावणं येत नव्हतं. काही तळ अर्धवट बांधून पडले होते आणि त्यांच्यासाठी काढलेल्या कर्जाचं व्याज वाढलं होतं. शेअरचा भाव तर आधीच उतरत होता, तो या बातमीनंतर कोसळला. मी पुढच्या खोलीत जाऊन मशीनसमोर बसले, पण शिवायला काही घेतलं नाही.

संध्याकाळी नवरा कांदा चिरत होता तेव्हा त्याला सांगितलं. "मी म्हणालो होतो," असं तो म्हणाला नाही, आणि त्याबद्दल मी त्याची आजही ऋणी आहे. त्याने एवढंच विचारलं, "विकायचे का मग?"

"आत्ताच नाही," मी म्हटलं. "आधी मला समजून घ्यायचंय, मी नक्की काय घेतलंय ते."

पुढचे काही आठवडे मी पुन्हा विद्यार्थिनी झाले. फंडाचे अहवाल वाचले, गुंतवणूकदारांसमोर त्यांच्या अधिकाऱ्यांनी केलेली भाषणं ऐकली. हळूहळू एक गोष्ट स्पष्ट झाली. बॅटऱ्या उत्तम चालत होत्या. त्यांच्या कमाईला मात्र ठरलेला आकडा नव्हता, ती रोजच्या बाजारभावावर हिंदकळत होती, आणि अशा कमाईतून येणाऱ्या डिव्हिडंडला मी पगार समजत होते. अर्धे शेअर मी तोटा सोसून विकले आणि ते पैसे मुदत ठेवीत टाकले. अर्धे ठेवले. या कामावरचा माझा विश्वास उडाला नव्हता, त्याच्याकडून काय मागायचं ते फक्त मला उशिरा कळलं होतं.

हे सगळं चाललेलं असतानाच एका दुपारी शेजारच्या बाई अंडी घेऊन आल्या. एरवी त्या दारातूनच परत जायच्या, त्या दिवशी बसल्या. म्हणाल्या की एका कंपनीला त्यांचं खालचं शेत भाड्याने हवंय. ते शेत विजेच्या सबस्टेशनला लागून आहे. तिथे बॅटऱ्या ठेवायच्यात, आणि करार बऱ्याच वर्षांचा आहे. रस्त्यावरच्या सगळ्यांना एव्हाना कळलंय आणि निम्मे लोक बोलेनासे झालेत.

"तुझी मुलगी म्हणाली, तुला यातलं कळतं. बॅटरीच्या पैशांनी तू तिला चिप्स खायला घातलेस म्हणे."

मला हसू आलं, आणि लगेच धास्तीही वाटली. हो म्हणावं तर माझे स्वतःचे हात पोळलेले. नाही म्हणावं तर माझ्या अनुभवाने त्यांचं नुकसान व्हायचं. मी त्यांना सगळं सांगितलं, भाव कोसळला तेही. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे तुझं येणं थांबलं."

"थांबलं," मी म्हटलं. "पण तुमचं थांबायचं कारण नाही. मी भागीदार आहे, फायदा झाला तर मला मिळणार. तुम्ही जमीन देताय. त्यांना फायदा होवो न होवो, तुमचं भाडं आलंच पाहिजे. तसं लिहून घ्या."

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि हे पुन्हा एकदा सावकाश सांगायला लावलं. मग आम्ही दोघी मिळून विचारायचे प्रश्न काढत बसलो. महागाईबरोबर भाडं वाढेल का? कंपनी बुडाली तर शेतातली धुडं कोण उचलणार, आणि त्याचे पैसे आधीच बाजूला ठेवलेले असतील का? दुसऱ्या दिवशी मी त्यांना गाडीतून गावातल्या वकिलांकडे नेलं. वकिलांनी त्यातले काही प्रश्न ठेवले, काही काढले आणि मला न सुचलेले बरेच घातले.

काही दिवसांनी कम्युनिटी हॉलमध्ये कंपनीने सभा बोलावली. कॉर्कहून एक तरुण इंजिनिअर आली होती. हॉल भरलेला, वातावरण तापलेलं. आमच्या समोरच्या घरातले गृहस्थ आधी बोलले. त्यांचा मुद्दा होता की फायदा लंडन-डब्लिनचे लोक नेणार आणि आग लागली तर धूर आम्ही खाणार. त्यांच्या बायकोचे कितीतरी कपडे मी शिवले होते, तरी माझी मान खाली गेली. अशा लांबच्या मालकांतली एक मीच तर होते.

मग मी उठले. वर्गात बोलायची सवय जाऊन किती वर्षं झाली होती. मी विचारलं की एक पेटी पेटली तर शेजारची पेटू नये म्हणून काय केलंय, आणि अग्निशमन दलाला आत यायला दोन बाजूंनी रस्ता आहे का? इंजिनिअरने फळ्यावर आकृती काढून पेट्यांमधलं अंतर दाखवलं. रस्ता मात्र एकच होता, आणि दुसरा असायला हवा हे तिने सरळ मान्य केलं. त्या मान्य करण्याने हॉल जरा शांत झाला.

शेवटी बाई उठल्या. त्यांचं बोलणं मला जवळजवळ शब्दशः आठवतं.

"माझ्या गुडघ्यांना गाई झेपत नाहीत. मुलगा परत येणार नाही, हे तुम्हाला माहीत आहे आणि मलाही. शेत विकलं तर उद्या तिथे वसाहत उभी राहील. भाड्याने दिलं तर ते माझंच राहतं. मला शेत माझं राहायला हवंय, एवढंच."

टाळ्या वगैरे पडल्या नाहीत. समोरच्या गृहस्थांनी पुढे काउंटी कौन्सिलकडे रीतसर हरकत नोंदवली, आणि कितीतरी महिने रस्त्यात गाड्या समोरासमोर आल्या तर स्टिअरिंगवरून बोट उचलून करायचा तो केरीचा नमस्कारही त्यांनी आम्हाला केला नाही. पण हॉलच्या दारात एका बाईने मला थांबवलं आणि विचारलं, तू फिजिक्स शिकवतेस का? तिची मुलगी लीव्हिंग सर्टला, म्हणजे इथल्या बारावीला, बसणार होती आणि विजेच्या धड्यात अडकली होती.

परवानगी आली ती अटींसकट: आवाजाची मर्यादा, भोवती झाडांचं कुंपण आणि दुसरा रस्ता. बांधकामाच्या काळात चिखलाने सगळ्यांना वैताग आणला. आता खालच्या शेतात पांढऱ्या पेट्यांच्या रांगा आहेत. अगदी फाटकाशी उभं राहिलं तर फ्रिजसारखी घरघर ऐकू येते, आमच्या घरापर्यंत पोचत नाही. बाईंचं भाडं ठरल्याप्रमाणे येतं.

माझ्या फंडाने दरम्यान काही बॅटऱ्या ठरावीक रकमेवर मोठ्या वीज कंपन्यांना चालवायला दिल्या आणि डिव्हिडंड पुन्हा सुरू केला. पूर्वीपेक्षा कमी आहे, पण यावेळी तो कुठून येतो हे मला माहीत आहे. शिवण निम्मी केली. आठवड्यातून तीन संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर ग्राइंड्स, म्हणजे शिकवण्या, चालतात. विजेच्या धड्यात अडकलेल्या त्या मुलीने मैत्रिणी आणल्या, त्यांनी भावंडं आणली, आणि मला घरात खुर्च्या कमी पडायला लागल्या. नवरा ड्यूटीवरून आला की ताट घेऊन सोफ्यावर बसतो आणि ओहमचा नियम ऐकत जेवतो.

परवा बाई आल्या त्या थोड्या लाजतच. त्यांनी ऑस्ट्रेलियाचं तिकीट काढलं होतं. नातवंडांना त्यांनी आजवर फोनवरच पाहिलंय. गोऱ्ह्यांकडे बघशील का, म्हणाल्या. मी आयुष्यात कधी जनावरं सांभाळलेली नाहीत, हे त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, ते काही विशेष नाही, शिकशील. काल सकाळी रबरी वेलिंग्टन बूट घालून मी त्यांच्यामागून शेतात गेले आणि फाटकाची साखळी कशी सोडायची, चारा कुठे टाकायचा, कोणता गोऱ्हा आधी ढुशी देतो, हे सगळं शिकून आले.