हरल्यावर धरलेला हात

सुनेने माझ्या मांडीवरून लेकरू उचलले, तेव्हा मला धरणीत गडप व्हावेसे वाटले. नातू जन्मतःच छातीचा नाजूक. "माय, बिडी पिऊन लेकराजवळ येऊ नोको," असे मुलाने हात जोडून सांगितले होते. मी गावदेवी मातामायपुढे नारळ फोडून शपथ घेतली, पवनीच्या दवाखान्यात तंबाखू सोडवणाऱ्या मॅडमकडेही जाऊन आले. काही दिवस निभले. मग एका सकाळी तलावावर जाळे टाकून बसले असताना शेजारणीने बिडी पुढे केली आणि मी घेतली. तो वास अंगावर घेऊनच घरी आले होते.

त्यानंतर मातामायकडे पाय वळेना. मॅडमनी पुन्हा बोलावले होते. आमच्या आसगावहून बसने गेले खरी, पण दवाखान्याच्या फाटकातच थबकले. कोणत्या तोंडाने आत जाऊ? परतणार, तोच काठी टेकत एक म्हातारा जवळ आला. डोळ्यांत मोतीबिंदू.

"बाई, बिडी सोडवाची खोली कोठी आहे वं? मले दिसत नाही. नेऊन देशील?"

नाही म्हणवेना. त्याचा हात धरून चालू लागले. तो म्हणाला, "मांगं सोडली होती, पुन्हा धरली. आता पुन्हा सोडाले आलो."

"लाज नाही वाटत, बाबा?"

"वाटते ना, काहून नाही वाटन? पण घरी लाजत बसून का होते?"

मी उंबऱ्याशी हात सोडवू लागले, तर त्याने तो घट्ट धरला. "तू बी चाल ना आत." माझ्या अंगाचा बिडीचा वास त्याला आला असेल. माझा उतरलेला चेहरा पाहून मॅडम समजल्या, पण रागावल्या नाहीत. "आलात, बरं झालं. बिडी घेतली तेव्हा जवळ कोण होतं?" एवढेच विचारले. मी पदरात तोंड घालून रडले आणि सगळे सांगितले.

तो म्हातारा पुन्हा कधी दिसला नाही. तो कोण होता, याचा मी शोध घेत नाही. तलफ अजून येते. आली की मॅडमना फोन लावते, शेजारणीपासून दूर बसते. देवीपुढे जिंकूनच जावे लागते, असे मला वाटायचे. त्या दिवशी परतताना मातामायपुढे तशीच जाऊन बसले. शपथ घेतली नाही, काही मागितलेही नाही. हरलेले माणूसही तिला चालते.