अजून हळू

आमच्या आतेभावाइतकं भेसूर ओरडणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा नाही, आणि त्याच्याइतका मवाळही नाही. हा गृहस्थ डेथ मेटल नावाचं संगीत करतो. ज्यांनी ते ऐकलेलं नाही त्यांना एवढंच सांगतो, की त्यात गिटारी खवळलेल्या असतात, ड्रम जिवावर उठलेले असतात आणि गाणारा पोटाच्या तळातून असा गुरगुरतो, की शब्द कोणते हे त्याच्या आईलाही कळू नये. आमच्या आत्याला ते आजतागायत कळलेले नाहीत. त्यातही याला हल्लीचं चकचकीत चालत नाही, जुन्या वळणाचंच लागतं. कॉलेजात असताना आम्ही चार हातांतून फिरून आलेल्या कॅसेटवर ते ऐकायचो, आणि त्यातली खरखर नसेल तर याला अजून गाणं अळणी लागतं.

संभाजीनगरच्या मे महिन्यात, जेव्हा शहाणी माणसं पांढऱ्या सदऱ्यातही वैतागलेली असतात, तेव्हा हा काळ्या टी-शर्टात हिंडतो. स्वतःच्या लग्नात त्यानं शेरवानीच्या आत कवटीचं चित्र असलेला टी-शर्ट घातला होता आणि अक्षता पडेपर्यंत घामानं निथळला होता. घरात ओरडायला आत्याची बंदी. म्हणून चितेगावला कामावर जाताना हा हेल्मेटच्या आत रियाज करायचा. एकदा सिग्नलला शेजारचा रिक्षावाला काळजीनं म्हणाला, "भाई, गाडी बाजू में लो, इंजन बैठ गया तुम्हारा." यानं त्याचे आभार मानले आणि गाडी खरोखरच बाजूला घेतली. शेजारच्या काकूंनी घसा बसला समजून अडुळशाचा काढा आणून दिला, तर तो यानं वर्षभर प्यायला. का, तर काकूंना वाईट वाटलं असतं.

असा हा माणूस दहा वर्षं एकच अल्बम करत होता. उशिराचं कारण त्याचे वडील. त्यांना आम्ही सगळेच अण्णा म्हणायचो. कारखान्यात तीस वर्षं प्रेस मशीनवर काढल्यामुळं अण्णांचे कान पार गेले होते. दर रविवारी जेवणं झाली, की हा त्यांच्या खाटेपुढं स्पीकरची मोठी पेटी आणून ठेवायचा. अण्णा पेटीच्या उजव्या कोपऱ्यावर तळहात ठेवून डोळे मिटायचे. पहिलंच गाणं संपल्यावर म्हणाले, "नुसत्या मुंग्या येतेत हाताला. हळू वाजव." पोरानं चाल हळू केली. पुढच्या रविवारी पुन्हा तेच, "अजून हळू." अण्णा "आता जमलं" म्हणेपर्यंत गाणं पक्कं व्हायचं नाही. शेवटी ड्रमवाला वैतागला. "याच्याहून हळू केलं तर दोन ठोक्यांच्या मधी मी चहा पिऊन येईन," असं म्हणून तो लग्नाच्या बँडमध्ये गेला. यानं दुसरा शोधला, पण चाल काही वाढवली नाही.

तयार झालेली दोन-तीन गाणी यानं इंटरनेटवर टाकली. कुठल्याशा थंड देशातल्या ऐकणाऱ्यानं लिहिलं, की यावर डूमचा गाढ प्रभाव आहे. डूम म्हणजे याच घराण्यातली संथ, जड चालीची शाखा. मी अभिनंदन केलं तर हा लाजला. "कशाचा प्रभाव? अण्णाचा हात हाय तो," म्हणाला.

सात गाणी जमली. आठवं होतं जायकवाडीच्या पाण्याखाली गेलेल्या अण्णांच्या गावावरचं. ते ऐकताना अण्णांनी बराच वेळ हात उचलला नाही. मग म्हणाले, "पाणी असं पळत नसतं बाबा. अजून हळू." त्या वर्षीच्या थंडीत अण्णा गेले.

परवा त्याच्याकडं गेलो होतो. अल्बम पूर्ण झाला होता. त्यानं ती पेटी पुढं ओढली आणि आठवं गाणं लावलं. ते आता इतकं संथ झालं होतं, की एक ठोका विरून गेल्यावर दुसरा येतो की नाही याची धास्ती वाटत होती. मी म्हटलं, आता कुणासाठी एवढं हळू?

"अण्णा जमलं म्हणलेच नव्हते," तो म्हणाला.

मी पेटीवर हात ठेवला. त्या उजव्या कोपऱ्यावरचा काळा रंग झिजून आतलं लाकूड दिसत होतं.

"तिथं नको," तो हळूच म्हणाला, "जरा अलीकडं ठेव."

मी हात अलीकडं घेतला.