उल्हासरावांची बिअर आणि श्यामलाचं पीठ

इंग्लंडात, कॉव्हेंट्रीत, आमच्या भिंतीला भिंत लावून उल्हासराव राहतात. माणूस सरळ. उधळ्या नाही, भांडखोर नाही, बाई-बाटलीच्या वाटेला कधी गेलेला नाही. म्हणजे बाईच्या. बाटल्यांचं मात्र सविस्तर सांगावं लागेल.

नव्वदच्या दशकात त्यांना घरी बिअर करायचा नाद लागला होता. दुकानातून काळ्या पाकाचा डबा आणायचा, बादलीत ओतायचा, त्यात पाणी, साखर, यीस्ट घालायचं आणि पुढे दोन आठवडे ती बादली तान्ह्या बाळासारखी जपायची. एवढ्या खटपटीनंतर जे निघायचं, ते पबमध्ये कुणी दिलं असतं तर उल्हासरावांनीच परत पाठवलं असतं. पण स्वतः केलेली म्हटल्यावर ते डोळे मिटून प्यायचे, आणि आमच्या ह्यांनाही मिटायला लावायचे.

अठ्ठ्याण्णव साली त्यांच्याकडे सत्यनारायण झाला. घाईघाईने भरलेल्या बाटल्या त्यांनी एअरिंग कपबोर्डमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीभोवतीच्या उबदार कपाटात, टॉवेलांमागे लपवल्या होत्या. खाली कथा रंगात आली आणि वर पहिली बाटली फुटली. मग दुसरी. मग बाकीच्यांनाही स्फुरण चढलं. लेस्टरहून आलेले गुरुजी एरवी इन्शुरन्सच्या ऑफिसात असतात. त्यांनी उरलेले अध्याय असे उरकले की देवालाही धाप लागली असेल. त्यांच्या बायकोच्या, श्यामलाच्या, टॉवेलांना उन्हाळ्यापर्यंत पबचा वास येत राहिला. बादली माळ्यावर गेली ती नऊ वर्षं तिथेच.

मग ते कामाला होते तो गाड्यांचा कारखाना बंद पडला आणि उल्हासराव घरी बसले. नुसते बसले असते तर श्यामलाने सोसलं असतं. ते तिचे मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे लावू लागले. पोळी लाटताना मागे उभं राहून, डावीकडे जाड राहतेय, असं सांगू लागले. कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होते ना. शेवटी दोन हजार सातच्या ऑक्टोबरात श्यामलानेच शिडी धरून त्यांना माळ्यावर पाठवलं. अट मात्र तिने माझ्यासमोर घातली, कारण माझ्या कानावर पडलेलं संध्याकाळपर्यंत इथल्या सगळ्या महाराष्ट्र मंडळाला कळतं.

“एकदाच करायची. फुटली, बिघडली, काहीही झालं तरी सगळं सामान कौन्सिलच्या टिपवर, कचऱ्यात. आणि माझ्या कपबोर्डला हात लावायचा नाही.”

कपबोर्ड तिचा होता कारण इथल्या थंडीत इडलीचं पीठ फुगतं ते तिथेच. मग उल्हासरावांनी बॉक्सरूममध्ये, म्हणजे अडगळीच्या खोलीत, संसार मांडला. बादलीभोवती विजेवर गरम होणारा पट्टा गुंडाळला. झाकणातल्या नळीतून बुडबुडे यायला लागले तसे ते कान लावून बसायचे. श्यामलाच्या दोन्ही बाळंतपणांत मिळून त्यांनी पोटाला एवढा कान लावला नसेल. मला कुंपणावरून हाक मारून सांगायचे, वहिनी, आज जोरात चाललंय. कारखाना सुटल्यापासून हा माणूस पहिल्यांदाच रोज दाढी केलेला दिसत होता, म्हणून मी त्या बुडबुड्यांचं निमूट कौतुक केलं.

नोव्हेंबरात महाराष्ट्र मंडळाच्या रविवारच्या दिवाळीला सगळ्यांसाठी इडली-सांबार करायचं श्यामलाने अंगावर घेतलं. आदल्या वर्षी वैजयंतीबाईंनी केलं होतं. त्या मंडळाच्या अध्यक्ष, म्हणून लोकांनी त्यांच्या इडल्या खाल्ल्या. चावून चावून खाल्ल्या. श्यामलाने शुक्रवारी ढीगभर पीठ वाटून कपबोर्डमध्ये ठेवलं आणि त्याच रात्री घर आणि टाकी तापवणारा बॉयलर बंद पडला. दुरुस्तीवाला सोमवारशिवाय येईना. टाकीतला विजेवरचा इमर्शन हीटर केव्हापासून बंद. तो उल्हासराव ‘या वीकेंडला’ बघणार होते. आमच्याकडे टाकी न लागणारा कॉम्बी बॉयलर आल्यापासून ते कपाटच उरलेलं नाही. शनिवारी दुपारी पीठ ओल्या सिमेंटसारखं निपचित पडलेलं, आणि श्यामला जिन्यावर डोक्याला हात लावून. वैजयंतीबाईंचा फोन वाजत होता, तो तिने वाजू दिला.

संध्याकाळी मी इडलीपात्र द्यायला, म्हणजे काय चाललंय ते बघायला, गेले. बॉक्सरूममध्ये उल्हासराव गुडघ्यांवर बसले होते. बाटल्या भरण्यासाठी आणलेल्या दुसऱ्या, कोऱ्या बादलीत त्यांनी सगळं पीठ ओतलं होतं, आणि बिअरचा पट्टा सोडून ते त्या बादलीला बांधत होते. पट्टा एकच होता. घरात बोलताना तोंडातून वाफ येत होती.

“आणि बिअर?” मी विचारलं.

“गारठली की यीस्ट झोपतं. परत उठेलच असं नाही.” त्यांनी स्वतःचा कोट काढून पिठाच्या बादलीवर घातला. “श्यामलाला सांगू नका, वहिनी.”

मी नाही सांगितलं. रविवार दुपारपर्यंत.

सकाळी पिठाने झाकण उचललं होतं. श्यामलाला वाटलं, असले पट्टे नवऱ्याकडे पाच-सहा असतील. विचारायला वेळही नव्हता. इडल्या अशा झाल्या की वैजयंतीबाईंनी तिसरी घेताना, सोडा घातला असशील, असं म्हणून घेतलं. त्यांच्याकडून याहून मोठी पावती मिळत नाही. उल्हासराव मात्र तब्येतीचं निमित्त सांगून घरीच राहिले.

आम्ही परतलो तर ते मागच्या अंगणात, गटाराच्या जाळीपाशी, बिअरची बादली उचलून उभे. पट्टा पुन्हा बांधून झाला होता, ढवळून झालं होतं, एक बुडबुडा नाही. पहिलंच बिघडलं, म्हणजे अटीप्रमाणे कारभार संपला. इन्स्पेक्टरसाहेब स्वतःचाच माल नापास करायला निघाले होते. तेव्हा मी तोंड उघडलं आणि पट्ट्याची सगळी हकिगत श्यामलाला सांगून टाकली. उल्हासरावांनी माझ्याकडे असं पाहिलं की दुसरी कुणी असती तर लाजली असती.

श्यामला रिकामी पातेली कडेवर घेऊनच पुढे झाली.

“खाली ठेवा ती.”

“बिघडलीय. तूच म्हणाली होतीस...”

“बिघडलीय की गारठलीय?”

उल्हासरावांनी बादली खाली ठेवली. “आत्ता नाही सांगता येणार.”

“मग कारखान्यात काय, न तपासताच माल फेकत होतात?”

तिने किटली चढवली, घरातल्या सगळ्या रबरी पिशव्या गरम पाण्याने भरल्या आणि बादलीला माहेरच्या गोधडीत गुंडाळलं. सोमवारी बॉयलर सुरू झाल्यावर तिने कपबोर्डमधले टॉवेल जिन्यात काढून ठेवले आणि बादली आत ढकलली. मंगळवारी मला हाक आली. कपाटात डोकी घालून आम्ही तिघं उभे, आणि त्या नळीतून, मोठे उपकार केल्यासारखा, एक बुडबुडा आला.

नाताळच्या सुमारास पहिली बाटली उघडली. चवीचं काय सांगू? गुळाच्या पाण्यात जुनी सुतळी भिजत घातली तर असंच काहीसं होईल. आमच्या ह्यांनी जुन्या सवयीने डोळे मिटले. मी म्हटलं, वेगळी आहे. श्यामलाने जन्मात पहिल्यांदा बिअरचा घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि ग्लास माझ्याकडे सरकवला.

“पुढच्या वेळी साखर कमी घाला.”

साखरेचं उल्हासरावांनी ऐकलं की नाही कोण जाणे. हातातला ग्लास तसाच टेबलावर ठेवून ते बादली धुवायला गेले.